सांध्याचं दुखणं, अंगात रक्त कमी आणि घरखर्चाची वही



उसाच्या खर्चाचा हिशेब आपण सगळेच ठेवतो. बेणे किती, लागणीची मजुरी किती, युरियाची पोती किती, पाणीपट्टी किती, सोसायटीचे व्याज किती, हे विचारले तर पारावर बसलेला सभासद बोटांवर मोजून सांगेल. पण "गेल्या वर्षी घरात दुखण्यापायी किती गेले?" असे विचारून पाहा. "झालं असतील की धा-वीस हजार," एवढेच उत्तर मिळते. मोठे ऑपरेशन झाले असेल तर तो आकडा लक्षात राहतो. महिन्या-महिन्याला दोनशे, पाचशे, हजार असे झिरपत जाणारे पैसे मात्र कुणाच्याच वहीत सापडत नाहीत. पाट फुटला तर लगेच दिसतो. उंदराच्या बिळातून रात्रभर पाणी गेले तर सकाळी शेजाऱ्याचे रान भिजलेले दिसल्यावर कळते. तशातला हा प्रकार आहे.

या अंकात आम्ही अशाच एका झिरपणाऱ्या खर्चाबद्दल लिहीत आहोत. सांधे दुखणे आणि अंगात रक्त कमी असणे ही दोन दुखणी एकाच माणसाला असली म्हणजे काय होते, पैसा कुठे कुठे जातो आणि त्यातला किती वाचवता येतो, हा आजचा विषय. दोन्ही दुखणी इतकी घरोघरची आहेत की ती दुखणी आहेत असे कुणाला वाटतच नाही. "वय झालं", "बायकांना असतंच", "वाताचं अंग हाय" असे म्हणून आपण मोकळे होतो.

आधी दुखणी किती घरोघरची ते पाहू. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या फुगवट्याला लागून भिगवण हे गाव आहे. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. पण पाणी तेच, पीक तेच, माणसेही आपल्यासारखीच. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने निरनिराळ्या देशांत अशा पाहण्या झाल्या, त्यांतलीच ही एक होती. भिगवणात ४०९२ मोठ्या माणसांना विचारपूस केली, तेव्हा ७४६ जणांना सांध्यांचे, स्नायूंचे काही ना काही दुखणे निघाले. म्हणजे शेकडा अठरा. त्यातले पुष्कळसे दुखणे झिजेचे आणि श्रमाचे होते. ज्याला डॉक्टर मंडळी आमवात म्हणतात, तो हातापायांची बोटे वाकडी करणारा वात, शेकडा सुमारे अर्धा माणसाला आढळला.

अर्धा टक्का म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. पण समजा एखाद्या कारखान्याचे वीस हजार सभासद आहेत आणि घरटी चार मोठी माणसे धरली, तर ऐंशी हजार माणसांत आमवाताचे चारशे रोगी निघतात. हा आजार बायकांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. म्हणजे या चारशेंत बहुतेक आपल्या घरच्या बायाच.

आता रक्ताचे पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी शेकडा ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ४८ होता. म्हणजे तो कमी व्हायचा सोडून वाढला. रक्त कमी म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन कमी. बाईला बाराच्या खाली, गरोदर बाईला अकराच्या खाली आणि पुरुषाला तेराच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांचे रक्त आधीच कमी, तिथे आमवात झालेल्या बाईची काय अवस्था होत असेल याचा अंदाज करा. आमवात खुद्दच रक्त खाली खेचतो. तीन रोग्यांपैकी निदान एकाला तरी तो रक्तक्षय देतो.

झीज वेगळी, आमवात वेगळा

आपल्याकडे सगळ्याच सांधेदुखीला "वात" म्हणतात. इथेच पैसा वाया जायला सुरुवात होते. पन्नाशी-साठीनंतर उठता-बसता गुडघे दुखतात, पायरी चढताना कळ येते, जरा विसावा घेतला की बरे वाटते. ही झीज होय. झिजेने रक्त कमी होत नाही. झिजेच्या रोग्याचे रक्त कमी निघाले तर ते दुसरीकडे कुठेतरी जात आहे किंवा तयार होत नाही, असे समजून शोध घ्यावा लागतो.

आमवाताची रीत उलटी. तो पस्तिशी-चाळिशीतही धरतो, विशीतही धरतो. पहाटे उठल्यावर हाताची बोटे, मनगटे आखडलेली असतात. मूठ वळत नाही. लोटा धरवत नाही, भाकरी थापवत नाही. अर्धा तास, तास गेला, हातपाय हलले की मग जरा सैल पडते. दोन्ही हातांची बोटे सारखीच सुजतात. हे सहा आठवड्यांच्या वर चालले तर तो आमवात असू शकतो आणि त्याला डॉक्टरच लागतो, तेल चोळून भागत नाही. (२००६ साली आपल्या बाजूला चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, तेव्हा तापानंतर कित्येकांचे सांधे महिनोन् महिने धरले होते. म्हणून ताप येऊन गेला होता का, हेही डॉक्टरांना सांगावे.)

रक्त जाते कुठे?

आमवाताच्या रोग्याचे रक्त तीन वाटांनी कमी होते, आणि तिन्हींवरचा इलाज निरनिराळा आहे. हे एकदा समजले की निम्मा खर्च का वाया जातो तेही समजते.

पहिली वाट सुजेची. रक्त तयार व्हायला लोह लागते. आपले शरीर लोह साठवून ठेवते, जरूर पडेल तसे काढते. आमवातात अंगात सतत सूज असते. त्या सुजेमुळे यकृतातून हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ जास्त सुटू लागतो. त्याचा शोध लागून पाव शतक झाले. हा हेप्सिडिन लोहाच्या कोठीला कुलूप घालतो. आतड्यातून नवे लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातले बाहेर सोडत नाही. कारखान्याच्या सभासदाला हे समजावून सांगायला नकोच. गोदामात साखरेची पोती थप्पीने लागलेली आहेत, पण विक्रीचा कोटाच सुटलेला नाही. तसेच हे. अंगात लोह आहे, पण रक्ताला मिळत नाही. अशा वेळी टॉनिकच्या बाटल्यांवर बाटल्या पाजणे म्हणजे भरलेल्या गोदामात आणखी पोती कोंबणे. सूज उतरली की कुलूप उघडते आणि रक्त आपोआप वर येते.

दुसरी वाट पोटातून. सांधे दुखतात म्हणून रोज दुखणे मारायची गोळी घेतली जाते. बाजारच्या दिवशी मेडिकलातून पाकीट आणायचे, संपले की पुढल्या बाजारी दुसरे. या गोळ्या रोज, महिनोन् महिने, रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला जखम होते. त्या जखमेतून थेंब-थेंब रक्त जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. काहींना शौचाला काळे, डांबरासारखे चिकट होते. हे लक्षण दिसले की गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ते डांबरासारखे चिकट नसते व त्याला तसला उग्र वासही नसतो.) नाव नसलेल्या पुड्या, गावोगाव फिरणाऱ्यांच्या काळ्या-हिरव्या गोळ्या यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवसांत माणूस पळू लागतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. त्यात दुखण्याची गोळी सोबत असेल तर पोटातल्या जखमेचा धोका आणखी वाढतो.

तिसरी वाट साधी आणि जुनी आहे. पोटात पुरेसे जात नाही, पाळीला जास्त जाते, जंत असतात. शेतकऱ्याच्या घरी बाई सगळ्यांत शेवटी जेवते आणि उरलेले जेवते. याबद्दल आम्ही जास्त लिहीत नाही. ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

एकाच बाईला या तिन्ही वाटा एकदम लागलेल्या असतात. म्हणून "रक्त कमी आहे, टॉनिक घ्या" हे उत्तर पुरे पडत नाही.

एक घर डोळ्यांपुढे आणू

नाव-गाव नको, कारण अशी घरे प्रत्येक गटात निघतील. समजा दोन एकर उसाचा सभासद आहे. घरच्या कारभारीणबाई चाळिशीच्या. पहाटे हात आखडतात म्हणून सुरुवात झाली. पहिले सहा महिने तेल, शेक आणि मेडिकलची गोळी. गोळीने दिवस निघतो, म्हणून गोळी चालू. मग धाप लागू लागली. विहिरीवरून घागर आणताना मध्ये दोनदा बसावे लागते. चेहरा पांढुरका पडला. दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, ते म्हणाले रक्त कमी आहे. टॉनिक दिले. शेजारणीने सांगितले की सलाईनने ताकद येते, म्हणून आठवड्याला एक सलाईन. सांध्यांची गोळी पहिल्या डॉक्टरची, रक्ताचे टॉनिक दुसऱ्याचे. या डॉक्टरला त्या गोळीची माहिती नाही, त्याला या टॉनिकची नाही. वर्षाने एके दिवशी रानात चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन सहाच्या खाली. भरती केले, रक्ताच्या पिशव्या लावल्या, दुर्बीण घालून पोट पाहिले तर जखम. घरात तेवढा पैसा नव्हता. बोरमाळ गहाण पडली.

सलाईनचे जरा सांगतो. त्या बाटलीत असते मीठपाणी, नाहीतर ग्लुकोजचे साखरपाणी. ते पोटातून काही जात नसेल, जुलाब-उलट्या असतील तेव्हा जीव वाचवते. पण रक्त वाढवत नाही आणि ताकदही देत नाही. साखर पिकवणारा सभासद साखरपाण्याच्या एका बाटलीला शेकडो रुपये मोजून येतो, याला काय म्हणावे?

आता याच घराचा हिशेब मांडू. आकडे धरून चालायचे आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. समजा एका खेपेला गाडीभाडे, डॉक्टरची फी, चहा-नाश्ता आणि सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी मिळून हजार रुपये गेले. महिन्याला एक खेप म्हणजे वर्षाचे बारा हजार. औषधाला अजून हात लागलेला नाही. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी एफआरपी टनी ३५५० रुपये ठरली आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात पडणारे पैसे धरले तर नुसत्या खेपांत चार टनांच्या वर ऊस गेला. दोन दुखण्यांसाठी दोन डॉक्टर असतील तर आठ टनांच्या वर. त्यावर टॉनिक, सलाईन, आणि शेवटी भरती झाल्याचे बिल. आणि जे कुठल्याच बिलात येत नाही ते म्हणजे तिचे बंद पडलेले काम. खुरपणीला बाई लावावी लागते, दूध काढायला दुसऱ्याला बोलवावे लागते, धाकटी मुलगी शाळा बुडवून स्वयंपाक करते.

अमेरिकेत विम्याच्या बिलांच्या नोंदी तपासून २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आमवातासारख्या जुनाट आजारांत ज्यांचे रक्तही कमी होते, त्यांच्यावरचा खर्च रक्त बरोबर असलेल्यांपेक्षा बराच जास्त निघाला. रक्त कमी असलेले रोगी मुळातच जास्त आजारी असतात, हेही त्याचे एक कारण आहे. पण तिथे सगळे बिल विमा कंपनीकडे जाते, म्हणून हिशेब निघू शकला. आपल्याकडे बिल बाईच्या बोरमाळेवर आणि उसाच्या बिलावर पडते, त्यामुळे नोंद होत नाही.

सरकारी योजना कुठे येते, कुठे येत नाही

पुष्कळ सभासद म्हणतात, आता योजना आहे की. आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यात ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. २०१७ साली ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सत्तरीच्या पुढच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचे वेगळे कार्ड मिळते. ही कार्डे काढून ठेवावीत. दुखणे आल्यावर धावाधाव करू नये.

पण नीट ध्यानात घ्या. ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या ठराविक उपचारांसाठी आहे. आमवाताच्या रोग्याचा खरा खर्च भरतीचा नसतोच. तो महिन्याच्या गोळीचा, तीन महिन्यांच्या रक्ततपासणीचा आणि येण्याजाण्याचा असतो, आणि तो योजनेत बसत नाही. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, पोटातून रक्त जाऊन माणूस भरती झाला, की मग योजना पुढे येते. आमच्या मते ही उलटी रीत आहे. जुनाट दुखण्याच्या बाहेरून घ्यायच्या औषधाला योजनेत जागा मिळाली पाहिजे. ही मागणी आपल्यासारख्या सहकारी संस्थांनी करायला हरकत नाही.

तोवर जे मिळते ते तरी पदरात पाडून घ्यावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे केसपेपर, तपासणी व उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिनची आणि पुष्कळशा साध्या रक्ताच्या तपासण्या तिथे होतात. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी तिथे फुकट मिळते. आपण मात्र तीच गोळी रंगीत बाटलीतून, दहापट पैसे देऊन घेतो. सोलापूरचे सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे, त्यामुळे तिथले दर वेगळे असू शकतात. पण मेडिसिन, हाडे आणि तपासण्या हे सगळे एका आवारात मिळते. या दोन दुखण्यांच्या रोग्याला तेच हवे असते. जनऔषधी दुकानांतली औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा निम्म्याहून स्वस्त पडतात. डॉक्टरला कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहून द्यायला सांगावे, लाजू नये. एस.टी.त बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. खेपेच्या हिशेबात हा फरक लहान नाही.

पहिल्याच खेपेला काय विचारावे

आमच्या मते सगळ्यांत जास्त पैसा वाचतो तो इथे. ज्याला किंवा जिला सांधेदुखी आहे आणि रक्तही कमी आहे, त्यांनी एकाच डॉक्टरला दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगाव्यात आणि विचारावे, "डॉक्टर, हे रक्त कशानं कमी झालंय?" उत्तर "अशक्तपणानं" असे आले तर पुन्हा विचारावे. संपूर्ण रक्ततपासणीत लाल पेशींचा आकार कळतो. लोह खरोखर संपले असेल तर पेशी लहान होतात. फेरिटिन या तपासणीने लोहाचा साठा कळतो. मात्र सुजेमुळे फेरिटिन खोटे वर दिसू शकते, म्हणून ते ई.एस.आर. किंवा सी.आर.पी. या सुजेच्या तपासणीसोबत वाचावे लागते. आमवाताची खात्री करायला आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सी.सी.पी. या तपासण्या आहेत. सगळ्या एकदम दरवेळी करायच्या नसतात. पण सुरुवातीला योग्य त्या दोन-चार तपासण्या केल्या, तर वर्षभराचे टॉनिक आणि सलाईन वाचते.

आमवात ठरला की त्याचे मूळ औषध लवकर सुरू व्हायला पाहिजे. सांध्यांची मोडतोड पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत जास्त होते. एकदा बोट वाकडे झाले की औषधाने सरळ होत नाही. आपल्याकडे "बिल आलं की बघू" म्हणतात. कायद्याने उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळायला हवेत, प्रत्यक्षात कधी मिळतात हे कारखान्याच्या पत्रात लिहिताना आम्हीही जरा दबकतोच. पण आमवात बिलाची वाट पाहत नाही.

मूळ औषधांत सर्वांत जास्त वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट. ते महागडे नाही. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारचे बंधन आहे. मात्र एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला पाठ असली पाहिजे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेतते. सोमवार ठरवा, बाजारवार ठरवा, पण वार एकच ठेवा आणि तो पाकिटावर पेनने लिहा. तोंडात फोड आले, ताप आला, अंगावर डाग उठले तर लगेच डॉक्टर. या औषधाने रक्ताच्या पेशी कमी होऊ शकतात, यकृतावर ताण येतो, म्हणून ठरल्या वेळी रक्त तपासावेच लागते. तो खर्च टाळू नये. सोबत डॉक्टर फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी देतात, ती चुकवू नये. गरोदर बाईने, किंवा मूल हवे असलेल्या जोडप्याने डॉक्टरला आधी सांगितलेच पाहिजे, कारण पोटातल्या बाळाला हे औषध घातक आहे. हे औषध चालू असताना दारू वर्ज्य. पुरुष सभासदांसाठी हे वाक्य दोनदा वाचावे.

हे औषध लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. इथेच लोक धीर सोडतात आणि पुन्हा पुडीवाल्याकडे जातात. सूज उतरू लागली की सांध्यांबरोबर रक्तही वर येऊ लागते, हे लक्षात ठेवून कळ काढावी. दुखण्याची गोळी मध्यंतरी लागलीच तर डॉक्टरच्या सांगण्याने, जेवणानंतर आणि कमीत कमी दिवस घ्यावी. जठराला जपणारी गोळी सोबत हवी का, तेही विचारावे. हजारो रुपयांची इंजेक्शनेही आता निघाली आहेत, पण पुष्कळांचे भागते ते साध्या गोळ्यांवरच.

ताटातले

गूळ-शेंगदाणे खाल्ले की रक्त वाढते असे आपण मानतो. गुळात थोडे लोह असते, साखरेत तेवढेही नसते. पण नुसत्या गुळाने सातवरचे रक्त बारावर जात नाही. शेंगाची चटणी, मटकी-हुलग्याची उसळ, मेथी-चवळईची पाले भाजी, ज्याला चालते त्याला अंडी-मटण आणि वर लिंबाची फोड. लिंबाने लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तो ते अडवतो. बाजरीचे बियाणे घेणाऱ्यांसाठी एक माहिती. जास्त लोह असलेला "धनशक्ती" हा वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी आणि २०१४ साली देशासाठी प्रसारित झाला. ज्वारीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली "परभणी शक्ती" दिली आहे. उसाच्या बांधाला, किंवा पाणी न पोचणाऱ्या तुकड्यात घरापुरती दोन पायली बाजरी पेरायला काही अडचण नाही.

लोहाची गोळी चहा-दुधासोबत घेऊ नये. पोटात मळमळले तर जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये. तपासणीत आकडा बारावर आला म्हणून लगेच बंदही करू नये. कोठी भरायला आणखी सुमारे तीन महिने लागतात. मात्र ज्यांचे लोह कोठीत अडकले आहे त्यांना ही गोळी किती द्यायची, द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

दवाखान्यात जाताना एक पिशवी बरोबर ठेवावी. तिच्यात जुने सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, पुड्याही असतील तर त्याही, आणि रेशनकार्ड, आधारकार्ड. पुडीचे नाव डॉक्टरांपुढे काढायला लोक संकोचतात. पण पोटातून रक्त का जाते याचे उत्तर कित्येकदा त्या पुडीतच असते. सोबत मालकांनी किंवा मुलाने जावे आणि केबिनमध्ये तिलाच बोलू द्यावे. पहाटे किती वेळ हात आखडतात, हे तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.